देवकाबाईंना पाहून बसणारी गाडी

आमच्या गाडीबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे कोणी मला शहाणपण शिकवायला नको. ती बंद पडत नाही. धूर सोडत नाही. ढकलावी लागत नाही. ती फक्त बसते. तेही सगळी नाही, मागच्या डाव्या कोपऱ्यातून. आणि कोणालाही पाहून बसत नाही, माझ्या सासूबाईंना पाहून बसते.

हसा. कॉलनी हसली, तुम्हीही हसून घ्या.

मी प्रफुल्ल थूल, वीज कंपनीचा निवृत्त उपअभियंता, मुक्काम वर्धा. नोकरीत मी एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडलो, ती म्हणजे अर्थिंग. मिक्सरचा शॉक लागतो? अर्थिंग बघा. पंप जळला? अर्थिंग बघा. अजूनही मी लग्नात गेलो की आधी डीजेवाल्याचं अर्थिंग बघतो आणि मग नवरदेव-नवरीकडे जातो. आमची पौर्णिमा म्हणते, "तुमच्याशी लग्न केलं तेव्हा तुम्ही माझ्याकडं पाह्यलं होतं की मांडवातल्या वायरीकडं?" या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तर गाडी. पौर्णिमेची आई, देवकाबाई, आमच्याकडेच राहतात. छप्पन साली नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला तेव्हा त्या बापाच्या खांद्यावर बसून तिथे होत्या. तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमी त्यांनी चुकवली नव्हती. बैलगाडीनं गेल्या, ट्रकच्या मागच्या डाल्यात बसून गेल्या, एसटीत उभ्यानं गेल्या. मागच्या वर्षी मात्र कमरेनं दगा दिला. मणका सरकला आणि डॉक्टरांनी सांगितलं, दचका नको. त्या दसऱ्याला त्या दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जेवल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याचं कोणं पाह्यलं?"

मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "आई, पुढच्या दसऱ्याला तुम्हाला मी नेतो. एकही दचका लागणार नाही. हा माझा शब्द."

शब्द द्यायला काय लागतं! तो पाळायला मात्र हवेवरची गाडी लागते. नागपूरच्या एका डॉक्टरांकडे तशी जुनी, परदेशी बनावटीची, लांबलचक गाडी होती. तिला खाली स्प्रिंग नाहीत, रबराचे हवा भरलेले फुगे आहेत. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, म्हणजे उंची मोजणारा पहारेकरी. तो सांगतो, इथे गाडी खाली गेली, इथे वर आली, आणि मधला कॉम्प्युटर हवा भरतो किंवा सोडतो. खड्डा आला तरी आतला माणूस पाळण्यात असल्यासारखा. मी ती घेतली. आईंना एसी चालत नाही, "हाडं ठणकतेत" म्हणतात. काच उघडली तर कानात वारं जातं. म्हणून मागच्या सीटवर मी स्वतःच्या हातानं एक छोटा पंखा बसवला. वायरिंग इतकं साफ केलं, की कोणाला दिसणारही नाही.

पहिल्या दिवशी पवनारपर्यंत चक्कर मारायची ठरली. इंजिन चालू. आई दारापाशी उभ्या राहिल्या. त्यांची बसायची एक पद्धत आहे. आधी पिशवी आत, मग पाण्याची बाटली, मग कमरेची उशी, मग पंखा, मग पदर सारखा करणं, मग शेजारीपाजारी कोण कोण बघतंय त्याची नोंद. हे सगळं होईपर्यंत गाडीनं सुस्कारा सोडला. फुस्स्स. आणि मागचा डावा कोपरा हळूच जमिनीकडे झुकला.

"पोरी," आई पौर्णिमेला म्हणाल्या, "मी अजून बसली बी नाई, आन् गाडी अदुगरच बसली."

आमच्या समोर वासुदेवराव राहतात. आंजीला शेती, इथे बंगला, आणि दिवसभर फाटकाला टेकून उभं राहणं हा पूर्णवेळ व्यवसाय. ते रस्ता ओलांडून आले, वाकून पाहिलं आणि निदान केलं, "थूल साहेब, गाडीले नजर लागली. नवी वस्तू हाये. लिंबू-मिरची लटकवा समोरून."

आई वळल्या. कमरेचा पट्टा घातलेली बाई इतक्या झटक्यात वळू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

"वासुदेवराव, आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत. लिंबू आमच्या घरी वरणावर पिळतेत. गाडी बसली तं काई तं कारण असंन ना? जवाईबापू इंजिनेर हायेत, ते कारण हुडकतीन."

झालं! सगळी कॉलनी माझ्याकडे बघायला लागली. त्या क्षणी गाडीचा प्रश्न गाडीचा राहिला नाही. तो धम्माचा, विज्ञानाचा आणि माझ्या निवृत्तिवेतनाच्या लायकीचा झाला. मी म्हटलं, "हुडकतो." आणि हट्टाला पेटलो.

दुसरे सल्लागार प्रेमदास. एसटीच्या कार्यशाळेत जन्म गेला, आता माझ्यासारखेच घरी. ते गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मला वाटलं झोप लागली. मग खालून आवाज आला, "साहेब, यात कमानपाटे कुठं हायेत?"

"कमानपाटे नाहीत, कुठलीच स्प्रिंग नाही, प्रेमदासभाऊ. फुगे आहेत."

"फुगे?" ते बाहेर आले. चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. "साहेब, तुमाले कोणीतरी फसोलं. एसटीचे कमानपाटे टाकून देतो. गाडी जन्मात बसणार नाई."

"आणि आतला माणूस?"

"तो उडंन थोडासा," प्रेमदास प्रामाणिकपणे म्हणाले.

यानंतर परिवहन कार्यालयाचं प्रकरण. गाडी माझ्या नावावर व्हायची होती, त्यासाठी निरीक्षकांना दाखवायची होती. त्याच दिवशी आईंची डोळ्याची तपासणी होती, म्हणून त्याही मागे बसलेल्या. आमचा नंबर येईपर्यंत उन्हात पंखा घेत त्या गाडीत थांबल्या. निरीक्षकसाहेब आले आणि लांबूनच थबकले. गाडी एका कुशीवर कलून उभी होती.

"हे काय? गाडी खाली केली का तुम्ही? फेरफार आहे हा. चालत नाही."

"साहेब, मी काही केलेलं नाही. ती आपोआप बसते."

"आपोआप?"

मी आईंना उतरवलं, बॅटरी कशाला खर्च करायची म्हणून पंखा बंद केला आणि साहेबांना इंजिन नंबर दाखवायला पुढे नेलं. आम्ही मागे आलो तेव्हा गाडी घर्रर्र आवाज करत उभी राहत होती. आमच्या डोळ्यांदेखत ती सरळ झाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे वरखाली व्हायचं यंत्रही बसवलं? या वयात? सिनेमात असतात तसल्या नाचणाऱ्या गाड्या?"

"साहेब, मी उपअभियंता होतो हो!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले आणि कागदावर शेरा मारला, की मूळ उंची स्थिर असल्याचं दाखवल्याशिवाय हस्तांतरण नाही. रांगेतले दोन ऑटोवाले म्हणाले, "काका, अजून एकदा नाचवा ना." मी असा अपमान खांबावर चढलेला असताना खालून शिडी काढली तेव्हाही सोसला नव्हता.

मग नागपूर. अंकित नावाचा मेकॅनिक अशाच गाड्यांचं काम करतो. त्यानं गाडीला आपला कॉम्प्युटर जोडला, दोन्ही कॉम्प्युटर आपसांत काहीतरी बोलले आणि अंकित म्हणाला, "काकाजी, पीछे का लेफ्ट सेन्सर दिखा रहा है. बदलून टाकतो." सेन्सर बदलला. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये दिवसभर ताठ उभी राहिली. मी पेढे घेऊन वर्ध्याला आलो. आईंना बोलावलं. पिशवी, बाटली, उशी, पंखा, पदर. फुस्स्स.

मी पेढ्यांचा डबा तसाच घरात नेऊन ठेवला.

अंकितला फोन केला. तो म्हणाला, "काकाजी, गाडीत प्रॉब्लेम नाई. मी सगळं चेक केलंय. तुम्ही पाह्यजा, घरी काही वेगळं होऊन राह्यलं का?"

घरी वेगळं काय होऊन राह्यलं होतं? घरी आई होत्या. आणि हेच आता सगळी कॉलनी म्हणायला लागली. आधी गमतीनं. वासुदेवराव म्हणाले, "गाडी देवकाबाईले वाकून जय भीम करते." इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांच्या रुख्माबाई कोणाला तरी म्हणाल्या, की म्हातारीचा पायगुण असंल, आणि ते आईंच्या कानावर आलं.

त्या दिवशी आई संध्याकाळी माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "जवाईबापू, राहू द्या. मले दीक्षाभूमीचा फोटो मोबाईलवर दाखवजा. माह्यासाठी तुमी लोकाईचं काहून आयकता?"

मला राग आला. रुख्माबाईंचा आला, गाडीचा आला, सेन्सरचा आला. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. हजारो घरांतले फॉल्ट मी शोधले. अंधारात, पावसात, विंचवाच्या साथीनं शोधले. आणि माझ्याच अंगणातला फॉल्ट माझ्या सासूला पांढऱ्या पायाची ठरवतोय! मी म्हटलं, "आई, दसऱ्याला तुम्ही फोटो बघणार नाही. फोटोत राहणार." वाक्य जरा नाटकी झालं, पण मनापासून होतं.

दुसऱ्या सकाळी मीटर बाहेर काढला. पहिली शंका वजनाची. आई बसायच्या आधीच गाडी बसते हे मला दिसत होतं, पण तपासात काही गाळायचं नाही हा माझा नियम. लोड टेस्ट जाहीर केली. वासुदेवराव, रुख्माबाई, प्रेमदास आणि त्यांचे साडू अशी कॉलनीतली वजनदार मंडळी गाडीत बसवली. मी डिकीत आडवा होऊन मीटरकडे डोळे लावले.

"हलू नका."

"साहेब, श्वास घ्यायचा का?" प्रेमदास.

"घ्या, पण एकदम घेऊ नका."

गाडी जराशी दबली आणि लगेच घर्रर्र करत वर आली. सगळ्यांना उचलून ताठ उभी. रुख्माबाई म्हणाल्या, "एसीनं मस्त गार लागते आत. आंजीले जाऊन येऊ का?" आणि आत चहाची फर्माईश सुटली. उतरायला कोणी तयार होईना. शेवटी मी इंजिन बंद केलं तेव्हा हलले.

वजन नाही. मग काय? मी ओट्यावर बसलो आणि अंकितचं वाक्य आठवलं. घरी काय वेगळं होतं? मी पौर्णिमेला म्हटलं, "आईंना घरातच राहू दे. पण त्या बसताना तू जे जे करतेस ते सगळं कर. त्याच क्रमानं. एकही गोष्ट सोडू नको."

"आईशिवाय?"

"आईशिवाय."

परत डिकीत शिरून मीटरचं एक टोक मी बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं सेन्सरच्या अर्थच्या वायरला. इथे आकडा शून्याला चिकटून असायला हवा. होता. पौर्णिमेनं दार उघडलं. शून्य. पिशवी ठेवली. शून्य. बाटली, उशी. शून्य. कॉलनी श्वास रोखून उभी. पौर्णिमेनं पंखा लावला.

आकडा टुणकन वर उडाला. फुस्स्स.

"बंद कर!" आकडा खाली. घर्रर्र. "लाव!" फुस्स्स. "बंद!" घर्रर्र. मी डिकीतच उठून बसायला गेलो आणि डोकं दणकन छताला आपटलं, पण ते मला संध्याकाळी दुखलं.

मी डिकीचं अस्तर फाडलं. कोपऱ्यात एक बोल्ट होता, सेन्सरच्या अर्थची वायर त्यावर कसलेली. आणि त्याच नटाखाली, रंगाच्या थरावर, अर्धवट दाबलेली आणखी एक वायर होती. पंख्याची. कोणाला दिसणार नाही इतक्या सफाईनं नेलेली.

ती मी लावली होती.

पंखा चालला की त्याचा करंट त्या किडक्या जोडातून जायचा, सेन्सरचं अर्थिंग उचललं जायचं, आणि पहारेकऱ्याला वाटायचं की हा कोपरा फारच उंच झाला. तो कॉम्प्युटरला तसं सांगायचा, आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे हवा सोडायचा. सगळे आपापलं काम चोख करत होते. सोडून एक उपअभियंता.

"काय सापडलं?" वासुदेवराव.

मला खोटं बोलता आलं असतं. उंदीर म्हटलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. पण आई दारात येऊन उभ्या होत्या आणि त्यांना कारण हवं होतं.

"अर्थिंग," मी म्हणालो. "माझं."

मग प्रेमदास हसायला लागले, मग वासुदेवराव, मग सगळे. आईही हसल्या, पण त्या दुसऱ्याच कारणानं. त्या रुख्माबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आयकलं का वं बाई? पायगुण नाई, अर्थिंग!" आणि पदर खोचून आत गेल्या. त्यांची चाल मला बऱ्याच दिवसांनी पूर्वीसारखी वाटली.

मी रंग खरवडला, बोल्ट चकचकीत केला, पंख्याला वेगळं अर्थिंग दिलं. पंखा चालू असो की बंद, गाडी ताठ. निरीक्षकसाहेबांनीही गाडी फिरून फिरून पाहिली आणि जरा निराश होऊन सही केली. मी जिंकलो होतो.

दसऱ्याची सकाळ. डिकीत सतरंजी, दशम्यांचे डबे, पाण्याचे कॅन, प्रेमदासांच्या घरचंही सामान, कारण तेही सहकुटुंब बसनं येणार होते आणि ओझं आमच्याकडे. आई पांढरं शुभ्र लुगडं नेसून आल्या. सगळी कॉलनी निरोपाला. पिशवी, बाटली, उशी, पंखा, पदर. गाडी हलली नाही. मी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं.

आईंनी पाय उचलला. पाय गाडीच्या उंबऱ्यापर्यंत गेला नाही. परत उचलला. "आई गं!" त्यांनी कमर धरली.

प्रेमदास स्टूल घेऊन धावले. आई स्टुलावर चढायला गेल्या, स्टूल डुगडुगलं, पौर्णिमेनं त्यांना कसंबसं धरलं. उचलून ठेवायचं तर डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. आई पायरीवर बसल्या. चेहरा पिवळा पडला होता.

"इतके दिवस तं सहज बसत होती मी," त्या हळूच म्हणाल्या. "आता हे गाडी उंच काऊन झाली?"

मला कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. गाडी उंच झाली नव्हती. गाडी दुरुस्त झाली होती. इतके दिवस ती नेमकी त्यांच्या बाजूनं, नेमकी त्यांच्या पायाएवढी खाली येत होती, म्हणून त्या पवनारला गेल्या, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेल्या. आणि मी जिद्दीनं, मीटर लावून, शास्त्रशुद्ध पद्धतीनं त्यांचा रस्ता बंद केला होता.

"राहू द्या, जवाईबापू," आई म्हणाल्या. "तुमी लय केलं."

"राहू देणार नाही," मी म्हणालो. "पौर्णिमा, पाना आण."

सगळं सामान बाहेर काढलं. अस्तर परत फाडलं. पंख्याची वायर मी तिच्या चांगल्या जागेवरून सोडवली, आणि त्याच जुन्या बोल्टावर, रंग लावलेला वायसर खाली घालून, नट अर्धा सैल ठेवून लावली. वासुदेवराव वाकून बघत होते. "साहेब, हे तं चुकीचं अर्थिंग हाये ना?"

"एकदम चुकीचं," मी म्हणालो. जन्मात इतकं वाईट काम मी इतक्या काळजीनं केलं नव्हतं.

सामान भरलं. इंजिन चालू. "लाव पंखा!"

फुस्स्स. कोपरा झुकला. आईंनी पदर सावरला, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि ओट्यावर बसावं तशा आत बसल्या. पंखा बंद. घर्रर्र करत गाडीनं त्यांना उचलून घेतलं. वासुदेवरावांनी नकळत हात जोडले. रुख्माबाई म्हणाल्या, "जय भीम, देवकाबाई. माह्यासाठी बी फूल वाहजा." आई म्हणाल्या, "वाहीन वं."

पौर्णिमा स्टिअरिंगवर, मी शेजारी. पवनार यायच्या आधीच मागून आवाज आला, "जवाईबापू, गरमी होऊन राह्यली. पंखा लावा ना."

मी आणि पौर्णिमेनं एकमेकांकडे पाहिलं. पंखा लावला तर गाडी बसणार, आणि बसलेल्या गाडीला दचके बसणार. एसी नको, काच नको.

"बसल्यावर वायर परत चांगल्या जागी लावता आली असती," पौर्णिमा म्हणाली.

"आणि तिथे उतरताना? परत सगळं सामान रस्त्यावर काढायचं?" मी तडकून म्हणालो. खरं तर मला ते सुचलंच नव्हतं. मी गाडी थांबवायला लावली, डिकीतल्या दशम्यांच्या डब्याचं झाकण घेतलं, मागच्या सीटवर गेलो आणि सासूबाईंना वारा घालायला लागलो.

नदीचा पूल जवळ आला तशी आईंनी दाराची मूठ घट्ट धरली. हा रस्ता त्यांना कमरेनं पाठ होता. कुठे गाडी उडते, कुठे आपटते, डोळे मिटून सांगायच्या. त्या दचक्याची वाट बघत राहिल्या. दचका आलाच नाही.

"गेला का पूल?"

"गेला, आई. मागे राहिला."

त्यांनी मूठ सोडली. हात मांडीवर ठेवला आणि बाहेर बघायला लागल्या. रस्त्यानं निळे झेंडे लावलेले ट्रक चालले होते, माणसं हात हलवत होती, आणि आईंनीही हात हलवला. त्या चेहऱ्याकडे बघता बघता मला भरून आलं. दिलेला शब्द मी पाळला होता, चुकीच्या अर्थिंगवर का होईना. माझे डोळे ओले झाले आणि झाकण हातातच थांबलं.

आईंनी माझ्याकडे मान वळवली.

"काऊन जवाईबापू? लाइन गेली का?"